निळ्यातल्या दोन खिडक्या

“निळा चालू हाय का तुझा?”

खुस्पे गुरुजींनी दारातूनच विचारलं. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या, पण उन्हाची छत्री मिटायची राहिली होती. ती दाराला अडकली. गुरुजी आत, छत्री बाहेर, दांडा हातात.

“चालू आहे गुरुजी. पण हळू चालतो. निवृत्तीला आलाय.”

“मीबी आलोय. जमंल आमचं.”

मी तेव्हा ढवळेवाडी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक होतो. वय बावीस. बी.सी.ए.चे दोन विषय राहिले होते, ते अजून आहेत. कार्यालयात एकच संगणक होता आणि त्यात तीन ब्राउझर. त्यांची खरी नावं गावात कुणी घेत नसे. चित्रावरून ओळखायचे. एक निळा, एक भिंगरी आणि एक कोल्हा.

कामाची वाटणी मीच करून दिली होती. निळा सरकारी कामाला, कारण आमच्याकडची सरकारी पोर्टलं निळ्याच्या जमान्यातली होती आणि दुसऱ्या कुणाला दार उघडत नसत. भिंगरी गावाच्या कामाला, म्हणजे दाखले, उतारे, दहावीचे निकाल. कोल्हा माझा खाजगी. कोल्ह्यात मी नोकऱ्यांचे अर्ज भरायचो आणि लातूरच्या एका मुलीशी बोलायचो. सहा महिन्यांनी तिने कळवलं की ती मुलगी नसून उदगीरचा मुलगा आहे आणि तोही नोकरीच शोधतोय. आमची अजून ओळख आहे.

“हा कोल्हा कशाला ठेवलाय?” ग्रामसेवक भाऊसाहेबांनी एकदा विचारलं होतं.

“तो व्हायरस खातो.”

“मग राहू दे.”

गावात माझा असा शब्द चालायचा. लोक घरचा फोन घेऊन यायचे, बँकेसाठी कोणता ब्राउझर बरा, पोरीच्या अभ्यासाला कोणता बरा, असं विचारायचे. मी छताकडे बघायचो, थोडा वेळ घ्यायचो आणि काहीतरी एक सांगायचो. माणूस समाधानाने जायचा. अडाण्याचं काम एवढ्या आदराने दुसऱ्या कुठल्याच खात्यात होत नसेल.

आणखी एक नियम मी पाळायचो. माझ्या आधीच्या परिचालकाने जाताना सांगितला होता. एक माणूस, एक ब्राउझर. तिघे एकदम आले तर एकाचं लॉगिन निळ्यात, दुसऱ्याचं भिंगरीत, तिसऱ्याचं कोल्ह्यात. का, ते त्याने सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

गुरुजी आले तो दिवस शिक्षकांच्या बदल्यांचा पसंतीक्रम भरायचा शेवटचा दिवस होता. तीस शाळा निवडायच्या, जतन करायच्या आणि मोबाइलवर आलेला आकडा टाकून लॉक करायच्या. पाच वाजता पोर्टल बंद होणार होतं. आता अडीच वाजले होते.

गुरुजींनी मला इथेच चौथीला शिकवलं होतं; आता ते दुसऱ्या गावच्या शाळेवर होते. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“ह्या तीस. सगळ्या रेंज नसलेल्या.”

“रेंज असलेल्या म्हणायचंय का गुरुजी?”

“नसलेल्या. प्रत्येक शाळंत जाऊन फोन वर धरून बघून आलोय. दोन म्हैनं गेलं. पहिला नंबर कारवीचा धनगरवाडा. गाडीरस्ता संपला की तीन किलोमीटर चालायचं. पोरं सात. रेंजची एकबी काडी न्हाई.”

“लोक तिथली बदली टाळायला डॉक्टरचे दाखले आणतात.”

“आणू दे की.” गुरुजी खुर्चीत पुढे सरकले. “हे बघ पज्या. सकाळी हजेरीचा फोटो टाकायचा. मग खिचडीचा. मग खिचडी खाणाऱ्या पोरांचा. मग रिकाम्या ताटांचा. दुपारी झाडाचा. परवा झाडाचा जुनाच फोटो टाकला, तर नोटीस आली, झाडाची वाढ का खुंटली म्हणून. अडीच वर्सं राहिली माझी. त्याच्या आत एकदा, फकस्त एकदा, मला सलग पंचेचाळीस मिन्टं शिकवायचंय.”

मी निळा उघडत होतो तेवढ्यात वहिनी आल्या. कडेवर मनवा.

वहिनी म्हणजे दादाची बायको, शुभदा. माचाळ्याच्या शाळेवर होत्या. सरकारी भाषेत अवघड क्षेत्र, एकशे चाळीस किलोमीटर. शनिवारी संध्याकाळी यायच्या, सोमवारी पहाटेच्या एसटीने जायच्या. दादा इथे दूध संघात, त्याची नोकरी हलणारी नव्हती. मनवा चार वर्षांची होती आणि वहिनींची नोकरीही चार वर्षांची, म्हणजे बाळंतपणाची रजा सोडली तर मायलेकींची भेट आठवड्याला दीड दिवस.

आता ढवळेवाडीच्या शाळेत एक जागा रिकामी झाली होती. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढलेल्यांचा पहिला हक्क होता. वहिनींच्या यादीत पहिलं नाव ढवळेवाडी होतं. ग्रामपंचायतीच्या खिडकीतून शाळेचा झेंड्याचा खांब दिसायचा. मनवा तो खांब बघत होती.

“आई, तू तिथे रोज असणार?”

“रोज.”

“रविवारी?”

“रविवारी घरी.”

मनवाने एवढी मोठी सोय कधी ऐकली नसावी. ती पुन्हा खांबाकडे बघायला लागली.

तालुक्यात त्या दिवशी शेकडो शिक्षक एकमेकांच्या जागांवर टपले होते. माझ्यासमोरची ही दोन माणसं मात्र एकमेकांच्या अजिबात आड येत नव्हती. एकाला वर जायचं होतं, एकीला खाली यायचं होतं.

“गुरुजींचं आधी करा भावजी,” वहिनी म्हणाल्या. “मी थांबते.”

“न्हाई न्हाई, पोरगी हाय संगं. हिचं आधी कर.”

“दोघांचं एकदमच करतो,” मी म्हणालो.

गुरुजींना निळ्यात घेतलं, वहिनींना भिंगरीत. भिंगरीत पोर्टल उघडलं, यादीही आली, पण ‘जतन करा’चं बटणच नव्हतं. कोल्ह्यात बटण होतं, पण शाळांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन. वर लाल अक्षरात सूचना फिरत होती की हे पोर्टल फक्त निळ्यातच चालेल.

म्हणून मी निळ्यातच दुसरी खिडकी उघडली. डावीकडे वहिनी, उजवीकडे गुरुजी. पडदा मधोमध वाटून दिला.

वहिनी वाकून बघत होत्या. “दोघांचं एकात चालतं का हो?”

मी छताकडे बघितलं. थोडा वेळ घेतला.

“चालतं,” मी म्हणालो.

पोर्टल एका शाळेला दीड मिनिट घेत होतं. अकराव्या शाळेला त्याने आम्हाला बाहेर फेकलं. मी दोघांना पुन्हा आत घेतलं, आधी वहिनी, मग गुरुजी. तीस झाल्यावर डावीकडचं जतन केलं. मग पुन्हा बाहेर. पुन्हा आत, या वेळी आधी गुरुजी, मग वहिनी. उजवीकडचं जतन केलं. माझे हात असे चालले होते की मनवाने टाळ्या वाजवल्या. गुरुजी म्हणाले, “चौथीत ह्यो नऊचा पाढा म्हणत नव्हता.”

सव्वाचारला वहिनींचं लॉक करायला घेतलं. बटण दाबलं. त्यांच्या पर्समध्ये टिंग झालं. त्यांनी फोन काढला आणि बघत राहिल्या.

“आला का आकडा?”

“आलाय. पण बरंच काय काय लिहिलंय भावजी. हे बघा, ते...”

“बाकीचं सोडा वहिनी, आकडा सांगा. तीनच मिनिटं असतात.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे.

“सात,” त्या म्हणाल्या. “घेतलंत? दोन. घेतलंत? नऊ...”

सहाही आकडे घेतले. हिरवी बरोबरची खूण आली. मग गुरुजींना पुन्हा आत घेऊन त्यांचं. गुरुजींचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांचा मेसेज मनवाने बघितला. तिला तेव्हा फक्त आकडे वाचता यायचे. तिने ते फार छान वाचले.

पावणेपाचला सगळं झालं. गुरुजींनी भेळ मागवली.

बदल्यांची यादी तीन आठवड्यांनी लागली. मी ती भिंगरीत उघडली, कारण यादी बघणं हे गावाचं काम होतं. वहिनींच्या नावापुढे होतं, कारवीचा धनगरवाडा. गुरुजींच्या नावापुढे, ढवळेवाडी. दोघांनाही पहिली पसंती मिळाल्याबद्दल अभिनंदन केलेलं होतं.

मी निळा उघडला. एका खिडकीत माझ्या नावाने एका पोर्टलवर गेलो, दुसऱ्या खिडकीत भाऊसाहेबांच्या नावाने. मग माझ्या खिडकीत परत येऊन माझा पत्ता बदलला. पण बदलला तो भाऊसाहेबांचा. कोपऱ्यात नाव माझंच दिसत होतं.

एका ब्राउझरला एका वेळी एकच माणूस लक्षात राहतो. खिडक्या कितीही उघडा, जो शेवटी आत आला तो खरा. डावीकडे वहिनींचं नाव लिहिलेलं होतं, पण त्यांच्यानंतर गुरुजी आत आले होते, म्हणून वहिनींच्या शाळा गुरुजींच्या नावावर गेल्या. दुसऱ्या वेळी उलटं झालं. एक माणूस, एक ब्राउझर. माझ्या आधीच्या परिचालकाला मी फोन लावला. तो म्हणाला, “मलाबी कारण माहीत नव्हतं रं. माझ्या आधीच्यानं सांगितलं होतं.”

दुसऱ्या दिवशी मी जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“दोघांनाही पहिली पसंती मिळाली,” ते म्हणाले. “अशा केसेस आमच्याकडे फार कमी आहेत. तक्रार कसली आहे?”

“पसंती चुकून लागली.”

“आकडा कुणाच्या मोबाइलवर आला?”

“त्यांच्याच.”

“त्यांनीच सांगितला?”

“हो.”

“मग संमती आहे. तरी तक्रार करायची असेल तर पोर्टलवर करा.”

तक्रारीचं पान निळ्यात उघडत नव्हतं. ते नवीन होतं. भिंगरीत उघडलं. तिथे तक्रारीचं कारण निवडायला चार पर्याय होते आणि त्यात माझा नव्हता. सगळ्यात जवळचा म्हणून ‘शौचालय नादुरुस्त’ निवडला. दोन महिन्यांनी एक माणूस कारवीच्या धनगरवाड्याला जाऊन शौचालय बघून आला. ते ठीक होतं.

घरी मी सांगितलं, पोर्टलने घोळ घातला. सगळ्यांनी लगेच मान्य केलं.

वहिनी जूनमध्ये धनगरवाड्यावर गेल्या. माचाळ्याला निदान व्हिडिओ कॉल व्हायचा. इथे शाळेपासून पाऊण तास चाललं की एक मोठा दगड होता, त्यावर उभं राहिलं की आवाज यायचा, तोही वारा नसेल तर. घरात आमची रेंज कच्ची, म्हणून मनवा रोज सहाला ग्रामपंचायतीत यायची आणि माझ्या टेबलावर बसून फोन धरायची.

“आई, दगडावर आहेस का?”

“आहे ग.”

“मग बोल.”

त्याच वेळी खुस्पे गुरुजी समोरच्या खुर्चीत बसून खिचडीचे फोटो चढवत असायचे. शाळेत आणि ग्रामपंचायतीत रेंज भरपूर होती. जिल्ह्याने त्यांना तालुक्याच्या फोटो गटाचं प्रमुख केलं. अनुभव बघून.

गुरुजींना कळलं होतं. यादी लागली त्या दिवशी ते आले, खुर्चीत बसले आणि पडद्याकडे बघत म्हणाले, “त्या दोन खिडक्या ना रं?”

“हो.”

“घरी सांगितलंस?”

“नाही.”

“मी न्हाई सांगणार,” गुरुजी म्हणाले. “पण तू सांग.”

मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा दादाला सांगायला गेलो, तर तो चहा पिताना पोर्टलला शिव्या देत होता. इतक्या मनापासून देत होता, आणि त्यानंतर त्याला इतकं बरं वाटत होतं, की ते मोडवेना. दुसऱ्यांदा वहिनी रविवारी घरी असताना ठरवलं, पण मनवा त्यांच्या पदराला धरूनच फिरत होती, अगदी न्हाणीघरापर्यंत. तिच्यासमोर कुठे बोलणार. तिसऱ्यांदा मनवाच्या हातातून फोन घेतला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. खिडक्या, निळा, छताकडे बघणं, सगळं.

पलीकडे नुसता वारा होता. मग आवाज आला, “काय म्हणालात भावजी? काहीच ऐकू नाही आलं.”

“जेवलात का, विचारलं.”

“अजून नाही. सहा वाजलेत.”

गुरुजी निवृत्त झाले. नारळ घेतला, शाल घेतली, आणि दुसऱ्या सोमवारी एकटेच पहिल्या गाडीने निघून धनगरवाड्यावर गेले. वहिनींना म्हणाले, एक तास मला द्या. फोन त्यांनी घरीच ठेवला होता. संध्याकाळी परत आले ते थेट माझ्याकडे.

“झाली का पंचेचाळीस?”

“बेचाळीस,” गुरुजी म्हणाले. “शेळी आली वर्गात.”

“मग?”

“मग काय. बघायला लागली पोरं शेळीकडं.” थोडा वेळ ते हसत होते. मग म्हणाले, “पोरगी वाळलीय रं तुझी वहिनी. सांगितलंस का अजून?”

चार वर्षांनी पुन्हा बदल्या निघाल्या. गुरुजींच्या जागेवर आलेली बाई लग्न करून दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती, म्हणजे ढवळेवाडीची तीच जागा पुन्हा रिकामी होती. मनवा आठ वर्षांची झाली होती. तिला आता आकड्यांशिवाय बाकीचंही वाचता यायचं.

मला वाटलं होतं वहिनी या वेळी तालुक्याला जातील, चांगल्या सेंटरवर. दादाही तसंच म्हणाला. वहिनी एका दुपारी आल्या, त्याच खुर्चीत बसल्या आणि यादी पुढे ठेवली.

“घ्या भावजी.”

संगणक नवीन आला होता. निळा गेला होता, त्याला घालवायला कुणी आलंही नव्हतं. पोर्टल आता कशातही उघडत होतं. मी फक्त भिंगरी उघडली. एकच खिडकी. कोल्हा काढून टाकला. माझा मोबाइल बंद केला. कोपऱ्यातलं नाव मोठ्याने तीनदा वाचलं. बाहेर दाखला घ्यायला दोघे थांबले होते, त्यांना उद्या यायला सांगितलं. अख्ख्या जगात त्या क्षणी फक्त वहिनीच लॉगिन असाव्यात, अशी व्यवस्था केली.

तीस शाळा झाल्या. पहिली ढवळेवाडी. जतन केलं. बाहेर पडलो, पुन्हा आत जाऊन बघितलं, ढवळेवाडीच होती. पाच वेळा बघितलं. मग लॉकचं बटण दाबलं.

टिंग झालं.

“वहिनी,” मी म्हणालो, “आकडा लगेच सांगू नका. आधी मेसेज वाचा. पूर्ण वाचा.”

“मागच्या वेळीही पूर्ण वाचला होता,” वहिनी म्हणाल्या.

पडद्यावर तीन मिनिटांचं घड्याळ उलटं चाललं होतं. दोन अठ्ठावन्न, दोन सत्तावन्न.

“काय होतं त्यात?”

“‘आपली प्रथम पसंती, कारवीचा धनगरवाडा. लॉक करण्यासाठी आकडा,’ आणि पुढे आकडा. फोन बदलला म्हणून आता दाखवता येत नाही. पण असंच होतं.”

खिडकीतून खांब दिसत होता. दोन चाळीस.

“मग बोलला का नाहीत?”

“बोलणारच होते की. तुम्ही म्हणालात, बाकीचं सोडा.” त्या हे अजिबात रागाने म्हणत नव्हत्या. मला तिथेच काहीतरी करून घ्यावंसं वाटलं, पण काय ते सुचेना. “म्हटलं, आत काहीतरी तसं असेल. आधी उलटं घालावं लागत असेल, मग ते सुलटं होत असेल. मला काय कळतंय त्यातलं. म्हटलं, तुम्हाला कळत असेल.”

“दादाला माहीत आहे?”

“त्यांना कशाला? ते पोर्टलला शिव्या देतात, बरं वाटतं त्यांना.”

एक बावन्न.

“वहिनी, मी...”

“वेळ जातोय भावजी.” त्यांनी फोन जरा लांब धरला. त्यांनाही आता चष्मा लागणार होता. “आता ढवळेवाडी लिहिलंय. बरोबर आहे ना?”

मी पडद्याकडे बघितलं. मग सवयीने छताकडे मान गेली, ती मी अर्ध्यातून खाली आणली. सगळं बरोबर दिसत होतं. तेव्हाही सगळं बरोबरच दिसत होतं.

“बरोबर आहे ना?” त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच मान हलवली.

“चार,” वहिनी म्हणाल्या. “घेतलंत?”